वॅटचा आकडा अटींसकट द्या

ऑडिओची उपकरणं ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याकडे बहुधा विश्वास बसावा असा कुठल्याच संस्थेचा शिक्का नसतो. त्यानं अडत नाही. गिऱ्हाइकाचं मन उडतं ते वॅटच्या आकड्यावरून.

छोट्या क्लास-डी (स्विचिंगवर चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरवर '2 × 100 वॅट' छापलेलं असतं आणि सोबत येतो 24 व्होल्ट, 3 अँपिअरचा अडॅप्टर. अडॅप्टरच मुळात 72 वॅटचा, मग सलग 200 वॅट निघणार कुठून? ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवणाऱ्या, चिपचा हिशेबही सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले स्पीकरच्या ओहमची दुप्पट. म्हणजे 24 व्होल्टवर 8 ओहमला 36 वॅट, तेही कागदावर. आवाज फाटायच्या आत मिळतात ते याहून कमीच. जाणकार माणूस हा हिशेब तोंडी करतो आणि पुढची सगळी माहिती संशयानं वाचतो. त्यापेक्षा मोजून सरळ लिहावं: 8 ओहम, दोन्ही चॅनल एकदम चालू, विकृती (आवाजाची फाटण) 1 टक्का, अडॅप्टर अमुक व्होल्ट, अमुक अँपिअरचा, प्रत्येकी इतके वॅट. आकडा लहान दिसेल, पण टिकेल. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा, तर टाकूच नये.

स्पीकरचंही तेच. 'अधिक-उणे 3 डेसिबल', म्हणजे आवाज किती कमी-जास्त होतो ती मर्यादा, जोडल्याशिवाय '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' याला काही अर्थ नाही.

वापरलेल्या मालात कंपनीचे चकचकीत फोटो नकोत, विकायचा नगच दिसला पाहिजे. स्पीकरची जाळी काढून वूफरचा (खर्जाच्या मोठ्या शंकूचा) जवळून फोटो द्या, कारण फोमची कड वर्षानुवर्षांत भुसभुशीत होऊन फाटते आणि जाळीआड ते कळत नाही. स्पीकरची वायर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 दाखवतो. आकडाच येत नसेल तर कॉइल किंवा आतली जोडणी तुटली आहे. अ‍ॅम्प्लिफायर वीस मिनिटं तापू द्या, इनपुट आणि स्पीकर काढा, प्रत्येक चॅनलच्या आउटपुटच्या दोन टोकांमधला डीसी व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजा. 50 च्या आत असेल तर ठीक. शेकड्यांत गेला तर आधी दुरुस्ती, मग विक्री. नाहीतर गिऱ्हाइकाचा स्पीकर जाईल.

मग स्पीकर परत जोडून, गाणं न लावता व्हॉल्यूम शून्यापासून पूर्ण फिरवतानाचा व्हिडिओ घ्या. हम (विजेची घुंघुं) आणि पॉटची, म्हणजे व्हॉल्यूमच्या खुंटीची, खरखर त्यात ऐकू येते. खरखर असेल तर वर्णनाच्या पहिल्या ओळीतच ती लिहा. घेणारा विचारेपर्यंत थांबलात, तर तीच गोष्ट लपवल्यासारखी वाटते. सिरियल नंबरचा फोटो दोघांच्याही कामाचा: परत आलेला नग तोच का, हा वाद उरत नाही.

पॅकिंगचे फोटोही टाका. टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) पाठवताना प्लॅटर (फिरणारी तबकडी) आणि काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं वजन) काढून वेगळे गुंडाळायचे, टोनआर्म (सुईचा दांडा) बांधायचा, स्टायलसला (सुईला) टोपण लावायचं. प्लॅटर जागेवर राहिला तर वाटेतल्या प्रत्येक आदळआपटीचा मार स्पिंडलच्या (मधल्या आसाच्या) बेअरिंगला बसतो, आणि तो बिघाड बाहेरून दिसत नाही.