नेमप्लेट नसलेल्या ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप

दुसऱ्या उपकेंद्रातून हलवून आणलेल्या त्या ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट गायब होती आणि बुशिंगजवळच्या (टाकीबाहेर निघणाऱ्या इन्सुलेटेड टोकांजवळच्या) खुणा नव्या रंगाखाली बुजल्या होत्या. तो आमच्या जुन्या डीवायएन-११ ट्रान्सफॉर्मरला समांतर जोडायचा होता. (हा झाला व्हेक्टर ग्रुप: उच्चदाब वाइंडिंग डेल्टा, म्हणजे त्रिकोणात जोडलेले; लघुदाब वाइंडिंग स्टार, म्हणजे न्यूट्रल या सामाईक बिंदूपाशी एकत्र आलेले; आणि आकडा म्हणजे दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमधला कोन घड्याळाच्या तासांत, दर तासाला ३० अंश.) ‘या वर्गातले बहुतेक ११ च असतात,’ असे एका सहकाऱ्याने सुचवले. पण ११ च्या जोडीला १ लागला, तर दोन्हींच्या लघुदाब व्होल्टेजमध्ये ६० अंशांचे अंतर पडते आणि दोन समान नावांच्या टोकांमध्ये पूर्ण फेज व्होल्टेज, म्हणजे सुमारे ६.३५ केव्ही, उभे राहते. दोघांचे इम्पीडन्स (करंटला होणारा अंतर्गत विरोध) ८ टक्के धरले, तर पूर्णभाराच्या सहापटीहून अधिक करंट नुसताच दोघांत फिरत राहील. अंदाजावर ब्रेकर लावण्याचा प्रश्नच नव्हता.

उच्चदाब बाजूला तीन बुशिंग होती, त्यांना डावीकडून एच-१, एच-२, एच-३ अशी खडूने नावे दिली. लघुदाब बाजूला चार होती. उच्चदाबाला ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा दिल्यावर एका बुशिंगपासून उरलेल्या तिन्हींना सुमारे ८० व्होल्ट आणि त्या तिघांत आपापसांत १३८ व्होल्ट मिळाले, त्यामुळे न्यूट्रल लगेच कळला. बाकीच्यांना समोरच्या एच बुशिंगच्या क्रमाने एल-१, एल-२, एल-३ म्हटले.

उच्चदाब वाइंडिंग डेल्टा आहे की स्टार, हे तीन फेजच्या मोजणीतून उघड होत नाही. म्हणून तो पुरवठा काढून एल-२ आणि न्यूट्रल यांच्यात व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज हवे तितके कमी करता येणाऱ्या साधनाने) फक्त २० व्होल्ट दिले. येथे थेट २४० व्होल्ट दिले असते, तर पलीकडे बाराशेहून अधिक व्होल्ट निघाले असते. या टप्प्यावर घाई फार महागात पडते. एच-१ व एच-२ मध्ये सुमारे १०४ व्होल्ट आणि उरलेल्या दोन जोड्यांत साधारण त्याच्या निम्मे मिळाले. वाइंडिंग स्टार असते, तर गाभ्याच्या मधल्या पायातला चुंबकीय फ्लक्स दोन्ही बाजूंना सारखा विभागून एच-१ आणि एच-३ यांच्यात जवळपास शून्य आले असते. (लघुदाबाला झिगझॅग, म्हणजे प्रत्येक फेजचे वाइंडिंग दोन पायांवर विभागलेले, असण्याची शक्यता उरते, पण ती रचना लहान वितरण ट्रान्सफॉर्मरांची, या आकारात ती मी विचारात घेतली नाही.) डेल्टा-स्टार ठरले.

मग एच-१ आणि एल-१ तारेने जोडून उच्चदाबाला पुन्हा ४१५ व्होल्ट दिले आणि उरलेल्या टोकांतली व्होल्टेज मोजली. एच-२ ते एल-२, एच-३ ते एल-३ आणि एच-३ ते एल-२ या तिन्ही ठिकाणी सुमारे ३०३ व्होल्ट, आणि एच-२ ते एल-३ मात्र सुमारे ४३७. फेजर आकृती काढली की अर्थ स्पष्ट होतो: ग्रुप ११ असता, तर मोठा आकडा एच-३ ते एल-२ मध्ये दिसला असता. येथे तो उलट्या कर्णावर होता, म्हणजे ग्रुप डीवायएन-१.

यावर सहकाऱ्याने रास्त शंका काढली, की नावे आपणच दिली आहेत, तर ती बदलून ११ का म्हणू नये? खरे आहे, घड्याळाचा आकडा वाइंडिंगइतकाच नावांवर अवलंबून असतो. लघुदाबाची नावे एकेक घर सरकवली, की १ चा ५ किंवा ९ होतो, आणि दोन्ही बाजूंची दोन-दोन नावे एकत्र अदलाबदल केली, की १ चा ११ होतो. फक्त एकाच बाजूची अदलाबदल चालत नाही, कारण मग फेजचा क्रमच उलटतो.

तरीही बुशिंगवर मी नेहमीच्या क्रमाचीच नावे रंगवून घेतली आणि नव्या पट्टीवर ग्रुप १ लिहिला. पुढे जो माणूस डावीकडून मोजत येईल, त्याला आकडे आणि पट्टी जुळलेली दिसायला हवीत. अदलाबदल बाहेर केली: उच्चदाबाचे दुसरे व तिसरे जंपर (जोडतारा) आणि लघुदाबाच्या त्याच दोन फेजच्या केबल उलट जोडल्या व तशी सूचना पट्टीखाली लिहिली. डिफरन्शियल रिलेला (दोन्ही बाजूंचे करंट ताडून बिघाड ओळखणाऱ्या रिलेला) मात्र प्रणालीच्या फेज दिसतात, त्यामुळे तिचे सेटिंग ११ चेच ठेवले. टॅपनिहाय (व्होल्टेज बदलण्याच्या टप्प्यांनुसार) गुणोत्तर आणि इम्पीडन्स वेगळे तपासले. शेवटी नवा ट्रान्सफॉर्मर ३३ केव्हीवर चार्ज करून, ११ केव्ही ब्रेकर उघडा ठेवून, दोन्ही बाजूंच्या पीटींच्या (मोजणीसाठी व्होल्टेज कमी करणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांच्या) दुय्यम टोकांत मोजले: समान फेजमध्ये शून्याजवळ, असमान फेजमध्ये सुमारे ११० व्होल्ट. त्यानंतरच ब्रेकर लावला.