स्पंजावरचा चिखल

दुपारचं तिरकं ऊन फिशटँकवर आलं की आत पाणी आहे की नुसतीच काच, कळत नाही. आलेगेले म्हणतात, "वा, काय स्वच्छ ठेवलंय!" मला अशा पाण्याचा भरवसा वाटत नाही. त्यातला विषारी अमोनिया डोळ्यांना कुठे दिसतो?

आमच्या काकांना नितळपणाचं वेड. दर रविवारी मासे बादलीत, टँक उपडा, आणि मग खडे, प्लास्टिकचा किल्ला, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली खसाखसा. स्पंज पिळला की चहाच्या गाळासारखं पाणी बोटांतून ओघळायचं, आणि ते पांढरं होईस्तोवर काका पिळतच राहायचे. आम्ही पोरं फडकी घेऊन शेजारी उभी. संध्याकाळी टँक नव्याहून नवा. सोमवारी गोल्डफिश वर येऊन आ वासत असायचे. "पाणी बदललं की बावचळतात," काका सांगायचे. पुढच्या रविवारी बादलीत एखादा मासा कमी असायचा. त्यावर घरात कुणी बोलायचं नाही.

खरं काम तो चिखलच करत होता. विष्ठेतून, तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून अमोनिया सुटतो. स्पंजावर वस्ती केलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. ही वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिचा एका धुण्यात निकाल लावू शकतं. म्हणून स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. काळपट राहिला तर राहू दे. पाणीही आठवड्याला पाव हिस्सा बदललं की पुष्कळ. नवं पाणी मात्र क्लोरीन काढून टाकलेलं आणि टँकइतकंच कोमट असावं. बाकी दाणे कमी टाका. मासे तर कायमच उपाशी असल्याचं नाटक करतात.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला प्रयोग मांडला होता. गोल्डफिशबरोबर पाणवनस्पती ठेवल्या, पण कुजक्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं. पठ्ठ्याने टँक घासला नाही, पानं खायला गोगलगायी सोडल्या. पाणी निवळलं.

काकांना हे सांगायला हवं होतं. पण उपयोग काय? त्यांनी रविवारी गोगलगायीही घासून काढल्या असत्या.