शिट्टी ऐकली, पण तेव्हा डॉल्फिन करत काय होता?

डॉल्फिनचा आवाज रेकॉर्ड करताना सोबत काय नोंदवायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात कुठेही डॉल्फिनचं रेकॉर्डिंग ऐकवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हा काय म्हणतोय?" नुसत्या आवाजावरून ते सांगता येत नाही. त्या क्षणी तो काय करत होता, याची नोंद सोबत हवी.

शिकारीचंच बघा. डॉल्फिन क्लिक, म्हणजे अगदी छोटा टकटक आवाज, सोडतो; प्रतिध्वनी परत आला की साधारण २० मिलिसेकंदांनी पुढचा क्लिक. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. मासा १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मिलिसेकंद, वर थांबण्याचे २०, म्हणजे सेकंदाला पंचवीसेक क्लिक. मासा जवळ आला की क्लिक दाट होतात आणि अगदी शेवटी सेकंदाला शेकडो होऊन एकसलग गुणगुण ऐकू येते. पण तशीच दाट सर आपसातल्या भांडणातही येते! पाण्यावर नजर ठेवणारं कोणी नसेल तर दोन्हींत गल्लत होणारच.

शिट्टीचं काम वेगळं. बॉटलनोज जातीत प्रत्येकाची स्वतःची शिट्टी असते. आई आणि पिल्लू दुरावले की ती पुन्हापुन्हा येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिननी स्वतःच्या शिट्टीची नक्कल ऐकून उत्तर दिलं.

शांतताही नोंदवावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ओर्का (किलर व्हेल) हाही डॉल्फिनच्याच कुळातला. सील खाणारे ओर्का शिकारीला निघाले की जवळजवळ गप्प असतात, कारण सीलचे कान तीक्ष्ण. सॅमन मासे खाणारे मात्र बिनधास्त आवाज करतात.

आता रेकॉर्डिंग. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाज मोजणारा, साधा रेकॉर्डर त्याच्या निम्म्या, २४ किलोहर्ट्झ वारंवारतेपर्यंतचंच पकडतो. शिट्ट्या बहुतेक येतात, पण बॉटलनोजच्या क्लिकची ताकद असते १०० किलोहर्ट्झच्या वर. तिथे ५०० किलोहर्ट्झच्या आसपासचं सॅम्पलिंग लागतं. बोटीचं इंजिन बंद करा. हायड्रोफोनची (पाण्याखालच्या मायक्रोफोनची) केबल बोटीवर आपटू देऊ नका, तो ठोका हुबेहूब क्लिकसारखा उमटतो. रेकॉर्डर आणि नोंदवहीचं घड्याळ एकच ठेवा, नाहीतर गुणगुण एका मिनिटाला आणि शिकार दुसऱ्याच. केबल आणि घड्याळाचा सराव आपल्या नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या पाण्यातही होतो.

आणि आवाज कोणी केला? डॉल्फिन त्यासाठी तोंड उघडत नाही. एका हायड्रोफोनवरून ते कळत नाही, म्हणून नोंद एकट्याच्या नव्हे, कळपाच्या नावावर करा.