तुम्ही विचारलंत म्हणून: आधी परतीची गाडी बघा

फुटबॉलची मोठी स्पर्धा चालू असताना त्या शहरात जावं का, आणि जायचं तर तयारी कुठून सुरू करायची, हे बरेच जण विचारतात. जरूर जावं. तयारी मात्र उलट्या टोकाने करावी. सामना संपल्यावर रात्री मुक्कामाला परत कसं जाणार, हे आधी ठरवा. हॉटेल आणि सामन्याचं तिकीट त्यानंतर. उदाहरण म्हणून 2024ची जर्मनीतली युरो स्पर्धा, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, घेऊ, आणि त्यातही बर्लिन.

स्टेडियमला जाताना माणसं तीन-चार तासांत विखरून येतात. निघताना सत्तर हजार माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. रात्रीचा सामना तिथल्या नऊला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. तो साधारण 10.50ला संपतो. बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर पावणेबारा. बर्लिनची यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते ती एरवी शुक्रवारी आणि शनिवारी. बाकीच्या दिवशी एकच्या सुमारास ती थांबते आणि रात्रीच्या बसवर भिस्त राहते. स्पर्धेच्या काळात जादा गाड्या सोडतात, तरी हॉटेल घेताना ते स्टेडियमच्याच मार्गावर असावं. दोनदा गाडी बदलावी लागणारं स्वस्त हॉटेल मध्यरात्री महाग पडतं.

बर्लिनच्या ऑलिम्पियास्टाडिऑन या स्टेडियमला दोन स्थानकं आहेत. दक्षिणेला एस-बानचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, आणि पूर्वेच्या बाजूला यू-बानच्या यू-2 मार्गाचं. एस-बानच्या स्थानकात सामन्यांच्या गर्दीसाठी जादा फलाट आहेत, त्यामुळे रांग लांब दिसली तरी सरकत राहते. इथे बहुतेकांची एक चूक होते. गर्दी टाळायची म्हणून ते शहराच्या दिशेने एक स्टेशन पुढे चालत जातात, पण तिथे येणारी गाडी स्टेडियमवरच खचाखच भरलेली असते. चालायचंच असेल तर उलट्या दिशेने, रुलेबेनला जा. यू-2 तिथूनच सुटते, गाडी रिकामी मिळते. बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटी लोकल पकडणाऱ्या मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. तेही नको असेल तर अर्धा तास स्टेडियममध्ये बसून राहा. पहिल्या वीस मिनिटांत बाहेर पडणारे सगळ्यात जास्त रखडतात.

हे नीट सांभाळलं नाही तर काय होतं ते त्याच स्पर्धेत गेल्सेनकिर्शेन या दुसऱ्या शहरात दिसलं. 16 जूनला तिथे इंग्लंड-सर्बिया सामना होता. स्टेडियम मुख्य रेल्वे स्थानकापासून काही किलोमीटर दूर, आणि मधला मुख्य आधार म्हणजे 302 नंबरची ट्राम. सामना संपल्यावर हजारो लोक रात्री उशिरापर्यंत ट्रामची आणि पुढच्या गाडीची वाट बघत ताटकळले. अनेकांचा मुक्काम डुसेलडॉर्फसारख्या शेजारच्या शहरात होता, त्यांचे हाल जास्त झाले.

शहराबाहेरून त्याच दिवशी यायचा बेत करू नका. जर्मन रेल्वे वेळेवर धावते हा समज आता जुना झाला. या स्पर्धेचा संचालक फिलिप लाम स्वतः गाडी रखडल्यामुळे डुसेलडॉर्फच्या स्लोव्हाकिया-युक्रेन सामन्याला उशिरा पोहोचला. उपांत्य सामन्यासाठी डॉर्टमुंडला निघालेल्या नेदरलँड्सच्या संघाचीही गाडी रद्द झाली, त्यांना विमानाने जावं लागलं. आदल्या दिवशी पोहोचणं हाच खरा उपाय.

सामन्याच्या तिकिटावर त्या शहराच्या परिसरातला प्रवास 36 तास फुकट होता. सामन्याच्या दिवशी सकाळी 6 पासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत. लांब पल्ल्याच्या आयसीई गाडीला मात्र तो चालत नव्हता. बाकीच्या दिवशी आपलं तिकीट आपण काढायचं. बर्लिनमध्ये भाड्यासाठी ए, बी, सी असे पट्टे आहेत. स्टेडियम बीमध्ये, विमानतळ सीमध्ये. 2024मध्ये एबीचं तिकीट साडेतीन युरो होतं, एबीसीचं 4.40. यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. फाटक नाही, कोणी अडवत नाही, म्हणून हे राहून जातं. मग डब्यात तपासनीस येतो आणि खिशात तिकीट असूनही 60 युरो दंड होतो.

सामन्याचं तिकीट फक्त मोबाइलवर होतं आणि स्टेडियमजवळ गेल्यावर ब्लूटूथ चालू असेल तरच उघडत होतं. बॅटरी संपली की तिकीट गेलं, तेव्हा पॉवर बँक हवीच. ती छोटी घ्या, कारण ए-4 कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नव्हते. घरच्यांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका, ज्याचं त्याला आधीच पाठवून द्या. दुसऱ्याकडून घ्यायचं तर आयोजकांच्या अधिकृत पुनर्विक्रीतूनच.

तिकीट नसेल तरी जाण्यात अर्थ आहे. ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी रस्त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरून, दरवाजासमोर भलाथोरला गोलपोस्ट उभा करून फॅन झोन, म्हणजे मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून सामना बघायची जागा, केला होता. प्रवेश फुकट. यजमान संघाचा सामना असेल तर काही तास आधी जा, जागा भरली की दारं बंद होतात. परतताना तिथल्याच स्थानकात घुसण्यापेक्षा मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत चालत जाणं सोपं.

रविवारी जर्मनीत किराणा दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली तेवढी उघडी. शाकाहाऱ्यांनी शनिवारीच ब्रेड, दही, फळं घेऊन ठेवावीत. बाहेर फलाफल, म्हणजे छोल्यांचे तळलेले वडे, कुठेही मिळतं. छोट्या टपऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही, थोडी रोकड जवळ असू द्या.

व्हिसाचं शेवटी, पण काम सगळ्यात आधीचं. सामन्याचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतो असं नाही. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात. स्पर्धेच्या वर्षी अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा लागतो. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील असंच हॉटेल बुक करा. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, कारण युरोच्या काळात जर्मनीने शेंगेनमधल्या शेजाऱ्यांच्या सीमेवरही तपासणी सुरू केली होती. पुढची युरो 2028मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे. हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असला तरी तिथला वेगळा काढावा लागेल.