मिठाची खूण

४ सप्टेंबर २०२०, शुक्रवार
ताप १०१. अंग मोडून आलंय. दुपारी रिक्षा न करता चालतच जाऊन कोरोनासाठी स्वॅब देऊन आलो. मंगळवारी अनंत चतुर्दशी झाली, मिरवणूक नाही, लक्ष्मी रस्ता सुनासुना, मानाच्या गणपतींचंही विसर्जन मंडपातच. मी तर खिडकीतून ढोलाचा आवाज येतोय का एवढंच ऐकत बसलो होतो. गर्दी नाही म्हणजे लागण नाही, असं माझं गणित. मग भाजीच्या रांगेत कुणाच्या तरी खोकल्याने ते चुकवलं असणार.

६ सप्टेंबर, रविवार
मी पॉझिटिव्ह, आई निगेटिव्ह. एवढ्यावर सुटलो. मी मागच्या खोलीत, ताप आल्यापासून १७ दिवस. आई ७० वर्षांची, तिला बीपी, आणि स्वयंपाक तिच्याच हातात. कामवाल्या मावशी मार्चपासून येत नाहीत. दाराबाहेर स्टूल ठेवलंय. आई ताट ठेवते, दोनदा कडी वाजवते आणि लांब जाऊन उभी राहते, मी ताट घेतो की नाही ते बघायला. ऑक्सिजन ९७.

८ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी मोहरी तडतडल्याचा आवाज आला. कढीपत्ता पडल्याचा चर्र आवाजही आला. वास आला नाही. आधी वाटलं आईने दार लावलंय. मग रुमालावर नीलगिरीचं तेल टाकून नाकाशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही.

नाक चोंदलेलं नाही, श्वास मोकळा आहे. व्हिडिओ कॉलवर आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, हा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो, बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. शिवाय आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशातून मागच्या मागे नाकात जाणारा वासच असतो. जिभेला स्वतःहून कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू वगैरे एवढंच. वैद्यकात तुरट चवींत धरत नाहीत म्हणे. आमच्या षड्रसांत धरतात, सोडा.

९ सप्टेंबर, बुधवार
आमटी खारट. खूपच. गोडा मसाला नाही, चिंच-गूळ नाही, कोथिंबीर नाही, फक्त गरम, आंबटगोड खारं पाणी. आजारामुळे जीभही बिघडली असणार म्हणून गप्प बसलो.

१० सप्टेंबर, गुरुवार
आज आमटीत मीठच नाही. भाजीत आहे, व्यवस्थित. म्हणजे जीभ ठीक आहे.

११ सप्टेंबर, शुक्रवार
परत दुप्पट. भात आणि ताक घेतलं, आमटी बेसिनमध्ये ओतून दिली. आईला कळू नये म्हणून वाटी धुऊन पुसून ठेवली. तिने विचारलं, "सगळं संपवलंस ना रे?" मी म्हटलं, हो.

रात्रभर मागचं उकरत बसलो. मार्चपर्यंत मी दुपारचं ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायचो, रात्री उशिरा घरी, टीव्हीसमोर. लॉकडाउनपासून दोन्ही वेळा आईच्या हातचं. जूनमध्ये एकदा मी "आज जरा खारट झालंय का?" म्हटलं होतं, तिने बटाटा घालून उकळलं, विषय संपला. एकदा कुकरला पाणी न घालता गॅस लावला होता. त्यालाही आम्ही हसलो होतो. आईच्या गोड्या मसाल्यात दगडफूल आणि नागकेशर इतकं छान भाजलेलं असतं की वाटीच्या वासानेच माणूस अर्धा जेवतो. त्या वासाखाली मिठाचं काय चाललंय, ते मला कळलंच नाही. नाक गेलं तेव्हा कळलं.

१२ सप्टेंबर, शनिवार
दशमी. बाबांची तिथी. गुरुजींना घरी बोलावणं शक्यच नव्हतं, त्यांनी फोनवर सांगितलं की पान ठेवा, बाकी सर्वपित्रीला बघू. आईने पहाटे उठून तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी केली, गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळा लगेच आला. दारामागून मीही नमस्कार केला.

चार वाजता परत भांड्यांचा आवाज. "अरे, ह्यांचं पान ठेवायचं राहिलंच की!" मी काही बोललो नाही. कावळ्यानेही दुसऱ्यांदा तक्रार केली नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार
ताप नाही. खोलीत बसून आईला दाराआडून बोलतं केलं. पानशेत धरण फुटलं त्याचा विषय काढला. १२ जुलै १९६१, ती अकरा वर्षांची, नारायण पेठेत. सकाळी लोक पळताना ओरडत होते, तिच्या आजीने आधी देवघरातला बाळकृष्ण पदरात घेतला आणि मग तुपाचा डबा. खडकवासलाही फुटलं होतं, त्यामुळे पाणी ओसरल्यावर नळाला पाणीच नाही. वाड्यांतल्या विहिरी परत उपसल्या. कुणीतरी मोठ्या पातेल्यात खिचडी आणली, त्यात मीठ कमी होतं आणि तिखट तर नव्हतंच, तरी तशी खिचडी परत कधी खाल्ली नाही, असं ती म्हणाली. साठ वर्षांपूर्वीच्या खिचडीतलं मीठ कमी होतं हे तिला पक्कं आठवतं.

मग तिने विचारलं, "तुझा ताप उतरला का?" हे तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
अधिक महिना लागला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते घाबरले नाहीत, त्यामुळे मीही जरा कमी घाबरलो. आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासा म्हणाले, त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. आई आयुष्यभर शाकाहारी. पुण्यात रुग्ण सध्या इतके आहेत की लॅबवाला घरी यायला दोन दिवस म्हणाला. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं मोजून दारात ठेवायला सांगितली. पाच गोळ्या जास्त निघाल्या. मीठ दुप्पट आणि गोळ्या कमी!

२१ सप्टेंबर, सोमवार
खोलीबाहेर. आईने आधी ओवाळलं, मग ओट्यापाशी उभी राहून मला नुसती बघत राहिली. किती वाळलास म्हणाली.

गुलाबपाणी, लिंबू, लवंग, नीलगिरी, असे चार वास रोज दोनदा हुंगायचे, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. चारही वस्तू आमच्या घरात होत्या. लवंगेचा वास आला असं वाटलं. बहुधा आठवण असावी. आईला सांगितलं, तू पण डोळे मिटून ओळख. तिने लिंबू ओळखलं. गुलाबपाण्याला म्हणाली, "काहीतरी देवाचं आहे." लवंगेला "काही नाही" म्हणाली.

२३ सप्टेंबर, बुधवार
आईचं बी-१२ खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू. थायरॉईड ठीक.

चिंचवडला ताईकडे अधिक महिन्याचं वाण द्यायचं, जावयाला तेहतीस अनारसे. आईने आज तांदूळ भिजत घातले. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. चुकलं तर पीठ बिघडतं. तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास आला म्हणजे झालं. आई म्हणाली, "तू वास बघ." मी म्हटलं, "मला येत नाही." ती म्हणाली, "मग दिवस मोज."

तेव्हा कालनिर्णयावर पेन्सिलीने खूण केली. पाणी बदललं, एक. आमटीच्या मिठालाही खूण. ओट्याजवळ भिंतीवर ते पान आता असं दिसणार की एकादशीपेक्षा टिपक्याच जास्त. आईला राग आला का, विचारलं नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार
तीन खुणा. दुसऱ्या दिवशीची टिपकी आईनेच न सांगता केली होती. तांदूळ निथळले, सावलीत पंच्यावर पसरले. मी वाकून वास घेतला. काही नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार
गेल्या शनिवारीच आईने ओलसर दळलेल्या पिठात किसलेला गूळ मिसळून डबा झाकून ठेवला होता. मी तेव्हा ताईशी फोनवर होतो. आज पीठ थोडं केळ्याने मळलं, खसखशीवर थापलं, तुपात सोडलं.

कांदा चिरताना आज पहिल्यांदा मला वास आला, पण तो कांद्याचा नव्हता. जळक्या रबरासारखा काहीतरी. असंही होतं म्हणे, परत येताना वास आधी चुकीचे येतात.

पहिला अनारसा हसला. तुपात पसरून जाळीचे तुकडे तुकडे. दुसराही हसला. आई झाऱ्याने तुकडे काढत म्हणाली, "गूळ जास्त पडलाय. आपण दोनदा घातला की काय?"

मी कालनिर्णयाकडे बघितलं. तांदळाच्या खुणा होत्या, मिठाच्या होत्या, गोळीच्या होत्या. गुळाची कुणीच केली नव्हती.