बाईट घेण्याआधी

माझ्या घरी बातमी आली ती आकड्याच्या रूपात. शिरोळ तालुक्यातले नदीकाठचे गाव असल्यामुळे पावसाळ्यात आजीचा सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आयर्विनला किती फूट झालं?" सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे मला पाढ्यांबरोबरच पाठ झाले होते. वर्तमानपत्रातला आकडा आदल्या रात्रीचा असे, आकाशवाणीवरचा त्या सकाळचा असे, आणि नृसिंहवाडीला दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, ही खबर तिकडून येणारा दूधवाला देत असे. एकाच पाण्याच्या या तिन्ही खबरा आजी एकमेकींशी ताडून पाही आणि मगच जनावरे गोठ्यात ठेवायची की माळावर न्यायची ते ठरवी. पुढे मल्टिमीडिया पत्रकारितेचे धडे गिरवताना मला तिची वारंवार आठवण झाली.

जयसिंगपुरात मराठी विषय घेऊन मी बी. ए. केले. आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी गेलो" असेच बोलतात. माझी आई, आजी, शेजारणी सगळ्या असेच बोलत आल्या आहेत. महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र माझ्या तोंडून असाच एक "आलो" निघाला आणि सभागृह हसले. त्यानंतर मी "आले, गेले" म्हणायची सवय लावून घेतली. प्रमाण मराठी बोलायला शिकणे हे चांगलेच आहे, पण त्या हसण्याने माझ्या घरची बोली चुकीची आहे असे जे मनात बसले, ते निघायला पुष्कळ वर्षे लागली, आणि त्याचा संबंध पुढे सांगणार आहे त्या प्रसंगाशी आहे.

२०१८ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेच्या एम. ए. साठी प्रवेश घेतला. ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, कारण १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. हे सर्वांनाच ठाऊक असते. माझे लक्ष गेले ते 'दर्पण'च्या पानाकडे. तोच मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन शेजारशेजारच्या स्तंभांत. ऐन विशीतला एक संपादक प्रत्येक बातमी दोन निरनिराळ्या वाचकांसाठी दोनदा मनात घोळवत होता, ही कल्पना मला फार मोठी वाटली. आज आम्ही एकच विषय मजकूर, आवाज आणि चित्र यांत मांडतो तेव्हा प्रश्न तोच असतो: या रूपात हा विषय कोणापर्यंत जाणार आहे?

त्या दोन वर्षांत माझ्यावर सर्वांत खोल परिणाम करणारा धडा मात्र कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात मिळाला. आमच्या सरांनी आम्हाला गुळाच्या सौद्यांना पाठवले आणि बजावले की कॅमेरा उघडायचा नाही, तीन मिनिटांची फक्त ध्वनिफीत आणायची. पहिल्या दिवशी मी आणलेल्या फितीत माझ्याच ओढणीची सळसळ आणि पंख्याची घरघर होती. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि सौदा सुरू होण्यापूर्वी तासभर काहीही न करता नुसती उभी राहिले. हातगाडीचे चाक फरशीवरून जाताना निराळे वाजते आणि मातीवर उतरताना निराळे. हमाल गुळाचा रवा, म्हणजे ढेप, खाली ठेवतो तो आवाज जड पण बोथट असतो. आणि बोली चढत असताना बोलणाऱ्याची वाक्ये आखूड होत जातात, शेवटी फक्त आकडे उरतात. ज्या शेतकऱ्याचा गूळ होता तो माझ्या शेजारी उभा होता. भाव फुटला तेव्हा तो काहीच बोलला नाही, त्याने फक्त एक दीर्घ श्वास सोडला, आणि तो श्वास माझ्या रेकॉर्डरमध्ये आला. सरांनी वर्गात ती फीत दोनदा लावली आणि विचारले, "त्यांना माहीत आहे का, की हा श्वास आपण ऐकतो आहोत?" मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर तेव्हा मला तो प्रश्नही पुरता समजला नव्हता.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचे घर पाण्याखाली गेले. आयर्विनचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. छावणीत वीज नव्हती, बहुतेकांचे मोबाईल बंद पडलेले, आणि जे चालू होते त्यांच्यावर धरण फुटल्याच्या अफवा फिरत होत्या. ८ तारखेला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आली आणि प्रत्येक तुकड्यात मृतांचा आकडा वेगळा होता. एका आजोबांकडे सेलवर चालणारा रेडिओ होता. त्याभोवती तीस-चाळीस माणसे बातम्यांच्या वेळी गप्प बसत. आपण या व्यवसायात जात आहोत याबद्दल तोवर असलेली थोडीफार शंका त्या शांततेने संपवली.

पदवी मिळाली ती टाळेबंदीत. शेवटच्या सत्राची परीक्षा मी ऑक्टोबर २०२० मध्ये गावात, रेंज येणाऱ्या गच्चीवर बसून मोबाईलवर दिली. त्या वर्षी वर्तमानपत्रांतून माणसे कमी होत होती आणि आमच्या वर्गातले निम्मे जण दुसरीकडे वळले. मला पुण्यातल्या एका वृत्तसंकेतस्थळावर काम मिळाले. हुद्दा 'मल्टिमीडिया प्रतिनिधी' असा होता, म्हणजे बातमी आणायची, चित्रीकरण करायचे, लिहायचे, संकलन करायचे, उपशीर्षके द्यायची आणि थंबनेलही बनवायचे. मी या कामाबद्दल कृतज्ञ आहे, कारण पहिल्या सहा महिन्यांत हाताला जे वळण लागले ते वर्गात लागले नसते. उभी चौकट आणि आडवी चौकट यांसाठी दोनदा चित्रीकरण करायला वेळ नसतो, त्यामुळे माणूस मध्यभागी ठेवून कडेला जागा सोडायची. लॅपल माइक पदराला लावायचा झाला तर तो त्या बाईंच्या हातात द्यायचा आणि त्यांनाच लावू द्यायचा. असल्या गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि मला माझ्याच तालुक्यात पाठवण्यात आले. शाळेतल्या छावणीत एक काकी भेटल्या. त्या माझ्याशी ११ मिनिटे बोलल्या. भिंत पडली नव्हती पण पायापासून चिरली होती, आणि त्यांची सारी चिंता पंचनाम्यात ही चीर कशी नोंदवली जाणार याची होती. २०१९ च्या पुरानंतर काय झाले होते, कोणती कागदपत्रे भिजली, घर सासूच्या नावावर असल्याने काय अडते, हे सगळे त्यांनी क्रमाने सांगितले. नवव्या मिनिटाला, भिजलेल्या धान्याबद्दल बोलताना, त्यांना रडू फुटले. पुढच्या दोन मिनिटांत त्यांनी स्वतःला सावरून विषय पुन्हा पंचनाम्यावर आणला.

मी सर्व फुटेज पाठवले. डेस्कने, म्हणजे कार्यालयातल्या संपादन विभागाने, २८ सेकंदांचा तुकडा प्रसिद्ध केला. त्यात फक्त रडणे होते आणि खाली संगीत. उपशीर्षकात त्यांचे "मी परत आलो तवा" हे शब्द "मी परत आले तेव्हा" असे सुधारले होते. व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला आणि माझे कौतुक झाले. तिसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. इचलकरंजीत दिलेल्या त्यांच्या मुलीच्या सासरी तो व्हॉट्सअॅपवर पोचला होता. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "मी तुझ्यासंगं बोलत होतो गं पोरी, समद्या मुलखासंगं न्हाई."

व्हिडिओ काढून टाकायला दोन दिवस गेले, तोवर तो इतरत्र पसरला होता. डेस्कवर दोष टाकणे सोपे आहे, आणि त्यांचा वाटा होताच, पण कॅमेरा माझ्या हातात होता आणि "बोलाल का?" एवढेच मी विचारले होते. वहीत लिहून घेताना माणसाला दिसते की त्याचे शब्द जात आहेत. रेकॉर्डर आवाजही नेतो आणि मोबाईल चेहरा, घर, पदर, मागे उभी असलेली नात, सगळेच नेतो. समोरच्याला मात्र तिन्ही वेळा वाटते की आपण एका मुलीशी बोलत आहोत. शाहू मार्केट यार्डातल्या त्या श्वासाबद्दल सरांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा समजला. आपल्या अभ्यासक्रमांत संकलनाच्या सॉफ्टवेअरला जेवढे तास मिळतात त्यातले काही तरी या एका गोष्टीला मिळावेत, असे मला मनापासून वाटते. आणि बोली 'सुधारण्या'ची सवय तर तातडीने थांबली पाहिजे. मी स्वतः ज्या हसण्याने दुखावले होते, तेच आमच्या उपशीर्षकाने एका साठीच्या बाईला केले.

आता मी बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे बोलणे, घेण्याआधी मोबाईल उघडून दाखवते: हा व्हिडिओ असा दिसेल, खाली अनोळखी माणसे असे लिहितील, तो कोणीही पुढे पाठवू शकेल. बरेच जण तरीही बोलतात. काही म्हणतात, लिहून घे पण तोंड दाखवू नको, आणि मग मी लिहिते. यामुळे दिवसाला एखादी बातमी कमी होते, हे संपादकांना मान्य करून घ्यायला वेळ लागला.

२०२१ च्याच ऑक्टोबरात मी काकींकडे गेले. भिंतीला मातीचा लेप दिला होता. मी त्यांना ती संपूर्ण ११ मिनिटांची ध्वनिफीत ऐकवली. त्या चूल सोडून उंबऱ्यात येऊन बसल्या, रडण्याच्या जागी जमिनीकडे पाहत राहिल्या, आणि पंचनाम्याचा भाग आला तेव्हा मान हलवून स्वतःशीच "बराबर" म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारले की हे एवढे, चित्र न घालता, लेकीला पाठवता येईल का. तिथेच बसून मी ती फीत तिला पाठवली.