चावी फिरवली की नुसती शांतता! माझ्या जुन्या ऑटोमॅटिकचा किस्सा

माझी गाडी २००९ ची, पेट्रोल, ऑटोमॅटिक सेडान. १५ वर्षं झाली तेव्हा सगळे म्हणाले विकून टाक, पण आमचा जीव अडकलेला, म्हणून आरटीओत खेटे घालून रजिस्ट्रेशन पाच वर्षं वाढवून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला आणि म्हटलं चला आता काही टेन्शन नाही. टेन्शन जुलैत आलं.

रविवार होता, मामाकडे डोंबिवलीला सत्यनारायण, आई साडी नेसून सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी, बाहेर धो धो पाऊस. मी बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरवली आणि काहीच नाही. घर्र नाही, टिक नाही. डॅशबोर्डचे लाईट लख्ख, रेडिओ चालू, हॉर्न दणदणीत, फक्त सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, लागत नाही. चार वेळा केलं, तेच. आई म्हणाली "अरे आपण रिक्षा करू", आणि शेवटी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ओला होत रिक्षा शोधली ते वेगळं.

संध्याकाळी परत आलो तर वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं उत्साहात, "साहेब धक्का मारू का?" त्यांना समजवता समजवता नाकीनऊ आले. ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट नसतो हो. आपल्या क्लचच्या गाडीत चाकं फिरली की क्लच सोडून इंजिन फिरवता येतं, इथे मध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, जो ऑइलमधून जोर पोचवतो, आणि गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो, म्हणजे इंजिन बंद तर आत प्रेशरच नाही, चाकं कितीही फिरवा इंजिनला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याला फोन. तो आला, मीटर लावला, "साहेब तीन वर्षं झाली, गेलीच आहे." मीही मान डोलावली. साडेपाच हजार दिले, जुनी बॅटरी तो घेऊन गेला, नवीन बसवली आणि पहिल्या चावीला स्टार्ट! मी खूश. पण दोनच दिवसांनी, सकाळी ऑफिसला निघताना, परत तीच शांतता.

इथे मला थोडी लाज वाटते. बॅटरी वीक असली की चावी फिरवल्यावर लाईट मंद होतात, टिक टिक टिक असा आवाज येतो. माझ्या गाडीत लाईट जरासुद्धा मंद होत नव्हते, आवाज शून्य. हे आधीच डोक्यात यायला हवं होतं पण नाही आलं.

खालच्या मजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. ते लुंगीवर, हातात मल्टिमीटर आणि एक जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, घेऊन खाली आले. पहिलं वाक्य, "अरे, बॅटरी कोणी बदलायला सांगितली तुला?" मी गप्प.

काकांनी बॅटरीला मीटर लावला, १२.६ व्होल्ट. मग मला म्हणाले चावी फिरव. फिरवली, मीटर १२.५ च्या खाली जाईना. म्हणजे सेल्फ करंट खातच नाहीये. बॅटरी कमजोर असती आणि सेल्फ ओढत असता तर आकडा धाडकन १० च्या खाली आला असता. मग टर्मिनल हलवून बघितले, इंजिनची अर्थिंगची पट्टी बघितली, घट्ट होती. फ्यूज बॉक्समधला सेल्फचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा डबीसारखा स्विच, काढून शेजारचा त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावला, फरक नाही. डॅशबोर्डवरचा चावीचा लाईट नेहमीसारखा विझत होता, म्हणजे इमोबिलायझरची, चावी ओळखली नाही तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या लॉकचीही भानगड नाही.

मग खरी गोष्ट. सेल्फला दोन वायरी येतात, एक जाड, बॅटरीची थेट, आणि एक बारीक, जी चावी फिरवल्यावर सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या इलेक्ट्रिक स्विचला, सिग्नल देते. काकांनी टेस्ट लॅम्पची एक वायर अर्थला, दुसरी त्या बारीक वायरीवर. फिरव म्हणाले. बल्ब पेटेना. "सेल्फ चांगला आहे, त्याला कोणी उठवतच नाही."

चावी आणि सेल्फ यांच्यामध्ये काय आहे? ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या अंगाला एक स्विच असतो, पार्क किंवा न्यूट्रल असेल तरच सेल्फला लाईन देतो, नाहीतर गाडी डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हला, असताना कोणी चावी फिरवली की गाडी भिंतीत. काकांनी मला लीव्हर पी मध्येच हलवायला सांगितला, हँडब्रेक वर, गाडीपुढे कोणी नाही. डॅशबोर्डवरचं पी हे अक्षर लुकलुकत होतं! मग लीव्हर न्यूट्रलला नेला, चावी फिरवली, नाही. जरा मागेपुढे हलवला, फिरवली, घर्र, स्टार्ट.

आणि तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "साहेब मी बोललो होतो ना, रिव्हर्सला मागचा पांढरा लाईट लागत नाही?" बोलला होता, पंधरा दिवसांपूर्वी, आणि मी बल्ब गेला असेल म्हणून सोडून दिलं होतं. रिव्हर्सचा लाईटसुद्धा त्याच स्विचमधून जातो, तिथेच उत्तर होतं.

आता बॅटरी बदलल्यावर गाडी सुरू का झाली? तो स्विच माझ्या गाडीत बॅटरीच्या ट्रेच्या बरोबर खाली आहे, बॅटरी काढताना कनेक्टर हलला असणार, तात्पुरता टेकला. साडेपाच हजारांचा धक्का म्हणा!

वागळे इस्टेटकडच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने ट्रे काढून कनेक्टर उघडला तर पिनांवर हिरवा गंज. मेच्या शेवटी गाडी धुवायला दिली तेव्हा बॉनेटच्या आत प्रेशरने पाणी मारायला मीच सांगितलं होतं, माझा संशय त्यावरच. मेकॅनिक म्हणाला, "शेठ, स्विच कशाला, डायरेक्ट करून टाकतो, दहा मिनिटांचं काम." म्हणजे स्विच वगळून वायर थेट जोडायची. मी नाही म्हटलं. बायको गाडी चालवते, उद्या घाईत डी मध्ये चावी फिरवली आणि समोर कोणी असलं तर? त्याला ते फार पटलं नाही, पण पिना साफ करून दिल्या आणि नवीन स्विच ऑर्डर केला, तो यायला पाच दिवस लागले.

स्विच नुसता बसवला की झालं असं नसतं, बोल्टची भोकं लांबट असतात. गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवून स्विचवरची खूण जुळवायची, मग बोल्ट घट्ट. जरा सरकलं तर पी मध्ये सेल्फ लागेल, न्यूट्रलमध्ये नाही, किंवा उलट. मी तिथेच उभं राहून पी आणि एन दोन्हीत स्टार्ट करून बघितलं, आणि आर, डी मध्ये सेल्फ लागत नाही हेही, ब्रेक घट्ट दाबून. स्विच आणि मजुरी मिळून ३,८०० झाले.

रात्री पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकला, मागच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला, वॉचमनने लांबूनच अंगठा दाखवला. काकांना हजार रुपये द्यायला गेलो तर त्यांनी हाकलून दिलं, म्हणाले आधी तो हॉर्नचा रिले जागेवर लाव, त्या दिवसापासून हॉर्न वाजत नाहीये तुझा.